पुळण राखायची तर पैसा कोणाचा?

(जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले नागपूरचे एक अभियंता या सदरात वाचकांच्या पाणी, माती आणि रेतीविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी त्रिमूर्तीनगरात राहते, माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात गेले होते. समुद्रावर फिरायला गेलो, तर जाडजूड पाइपातून पाणी आणि वाळू किनाऱ्यावर पडत होती आणि बुलडोझर ती पसरवत होते. मुलगा म्हणाला, हॉटेलच्या बिलात जो जास्तीचा कर लागला ना, त्यातून हे होतं. इकडे माझ्या भावाच्या घरापुढची पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, दहा वर्षांत निम्मी झाली. दर उधाणाला सुरूची दोन-चार झाडं पडतात. गाव धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची वाट बघतंय. टाकलेली वाळू चार-पाच वर्षांत समुद्र नेणारच, मग हा खर्च कशाला? आणि आमच्या ग्रामपंचायतीला असं काही करता येईल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण 'पुळण' हा शब्द नागपुरात फार दिवसांनी कानी पडला. नोकरीतली अडीच वर्षं मी कोकणात होतो. तिथल्या एका गावात दगडी बंधारा उभा राहताना मी रोज साइटवर असायचो. बंधारा चांगला झाला आणि मागची घरं वाचली, हे आधी सांगतो. पण तिसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो, तेव्हा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, तांडेलानं (म्होरक्यानं) हाताला धरून मला बंधाऱ्यावर नेलं आणि खाली बघायला सांगितलं. समोर पुळणच नव्हती. लाट दगडावर आपटून मागे फिरते, तेव्हा पायथ्याची वाळू खरवडून नेते. रापण ओढायला दोन्ही टोकांना पंधरा-वीस माणसं वाळूवर उभी राहावी लागतात. त्या गावात ती जागा उरली नव्हती. होड्या ओढून ठेवायला लोक शेजारच्या गावात जात होते. कासवाची मादीसुद्धा दगड चढून अंडी घालायला येत नाही. आमच्या अंदाजपत्रकात यातल्या कशालाही रकाना नव्हता.

'समुद्र नेणारच' हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. पावसाळ्यात पुळणीवरून गेलेली बरीच वाळू थोड्या आत, पाण्याखाली पट्टा करून बसते आणि थंडीत शांत लाटा ती परत आणतात. कायमची जाते ती किनाऱ्याला समांतर वाहून जाणारी. वरून नदी नवी वाळू आणत असेल तर ही तूट भरून निघते. नदीवर धरण झालं, खाडीच्या तोंडातून वाळूचा उपसा झाला किंवा बाजूला बंदराची भिंत पुढे आली, की तूट वाढत जाते. वाळूभरण म्हणजे ही तूट माणसानं भरणं. तुमच्या माहेरी दरवर्षी पावसाच्या आधी घराची शाकारणी होत असेल. गेल्या वर्षीची शाकारणी वाया गेली, असं घरात कोणी म्हणत नाही. लाटेनं आपली ताकद वाळूवर खर्च करावी आणि घरापर्यंत पोचू नये, यासाठीच ती वाळू असते.

आता पैशाचं. तुमच्या मुलाच्याच राज्यातलं नॅग्ज हेड हे गाव घ्या. तिथल्या किनाऱ्यासाठीच्या अमेरिकी केंद्र सरकारच्या प्रकल्पाला २००० साली कायद्यानं मंजुरी मिळाली, पण पैसा काही आला नाही. शेवटी २०११ साली गावानं आणि डेअर काउंटीनं, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यानं, स्वतःच काम केलं. सुमारे १६ किलोमीटर किनाऱ्यावर ३५ लाख घनमीटर वाळू टाकली, खर्च आला सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर. आपल्या हिशेबात ही वाळू सव्वाबारा लाख ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वर जाते. तीन ब्रासच्या टिप्परनं वाहायची म्हटली तर चार लाखांहून जास्त फेऱ्या. म्हणूनच ती समुद्राच्या तळातून ड्रेजरनं उपसून पाइपानं आणतात. पैसा दोन वाटांनी उभा राहिला. एक, पर्यटकांच्या मुक्कामावरचा कर, ज्याचा ठरावीक भाग जिल्हा किनाऱ्यासाठी बाजूला ठेवतो. दुसरी, गावानं काढलेलं कर्ज, जे समुद्राकडच्या मालमत्तांवर जास्तीचा कर लावून फेडलं. ज्याचं घर लाटेसमोर आहे, त्याला फायदा जास्त, म्हणून त्याचा वाटा जास्त.

हे तत्त्व नागपूरकराला नवं नाही. १९३६ च्या कायद्याखाली आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासला आपल्यापैकी कितीतरी जणांनी लेआउटच्या प्लॉटसाठी विकास शुल्क भरलं आहे. घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रोसाठी एक टक्का अधिभारही आपण भरतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं हेच किनाऱ्यासाठी केलं. घर-जमिनीच्या व्यवहारावरच्या शुल्कातून दरवर्षी अडीच कोटी डॉलर किनारा संरक्षणाला बांधून दिले. वादळ आल्यावर मागायला जायचं नाही, आधीच बाजूला काढायचे.

अमेरिकेत केंद्राचा पैसा मिळतो तिथे वाटे ठरलेले आहेत. १९८६ च्या कायद्यानुसार पहिल्या भरावाचे ६५ टक्के केंद्राचे आणि ३५ टक्के राज्य व स्थानिक संस्थांचे. १९९९ च्या दुरुस्तीनंतर पुढच्या भरावांचा खर्च निम्मा-निम्मा. करार साधारण ५० वर्षांचा असतो, म्हणजे पहिल्या भरावावर सही करतानाच पुढचे भराव कबूल करावे लागतात. आणखी एक अट मला फार आवडते : किनाऱ्यावर जायला लोकांना वाट आणि गाड्या लावायला जागा नसेल, तर त्या तुकड्यासाठी केंद्राचा पैसा नाही. कोकणात रिसॉर्टच्या कुंपणांनी जुन्या पाणंदी बंद होताना मी पाहिल्या आहेत. उद्या तिथे सरकारी वाळू पडायची असेल, तर आधी त्या पाणंदी मोकळ्या झाल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे हे का होत नाही, याचं एक कारण मी कार्यालयात बसून पाहिलं आहे. दगड एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप-वहीत, लिहिता येतो. लांबी, रुंदी, उंची मोजली, पान भरलं, बिल निघालं. वाळूचं मोजमाप म्हणजे भरावाआधी आणि भरावानंतर किनाऱ्याचे छेद घ्यायचे आणि त्यातला फरक काढायचा. मधे एक वादळ आलं की मोजलेली वाळू जागेवर नाही. मग लेखापरीक्षक विचारणार, काम कुठे आहे? या प्रश्नाला घाबरून कितीतरी चांगली कामं प्रस्तावातच मेली. आमच्या वेळी वाळूभरणाची सूचना एका तरुण सहकाऱ्यानं केली होती. टिप्पणी वर गेली आणि 'टिकाऊ काम सुचवा' असा शेरा घेऊन परत आली. मी तेव्हा त्याच्या बाजूनं उभा राहायला हवं होतं.

तरीही आपल्या देशात हे झालेलंच नाही असं समजू नका. विशाखापट्टणमला बंदराच्या भिंतीपाशी अडकलेली वाळू ड्रेजरनं काढून रामकृष्ण बीचवर टाकतात. पुदुच्चेरीला बंदराच्या भिंतींमुळे शहरापुढचा किनारा नाहीसा होऊन नुसते दगड उरले होते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं पाण्याखाली पोलादी अडथळा बसवला, वाळूभरणाची जोड दिली आणि २०१८ च्या सुमारास शहरापुढे पुन्हा पुळण दिसू लागली.

तुमच्या भावाच्या ग्रामपंचायतीला एकटीला हे पेलणार नाही. वित्त आयोगाचा तिचा निधी मोठ्या प्रमाणात पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. ड्रेजर आणण्याचाच खर्च इतका असतो की एका गावासाठी तो आणणं परवडत नाही. डेअर काउंटीतल्याच चार गावांनी २०१७ साली एकत्र येऊन काम करून घेतलं. तसं त्याच किनाऱ्यावरच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी एकसारखे ठराव करून जिल्हा नियोजन समितीकडे आणि मेरीटाइम बोर्डाकडे जावं. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीत धूप रोखण्याकरता १,५०० कोटी रुपये सुचवले होते. म्हणजे नदीची आणि समुद्राची धूप ही आपत्ती आहे, हे कागदावर मान्य झालेलं आहे. मागणी त्या दारातून करावी. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगी लागेल, आणि टाकायची वाळू मूळ वाळूएवढ्याच किंवा किंचित जाड कणांची हवी. बारीक वाळू पहिल्याच पावसाळ्यात निघून जाते.

आणि ठरावासोबत आकडे हवेत. अमेरिकेत वादळानंतर किनाऱ्यावरची वाळू भरून द्यायला आपत्ती खातं पैसे देतं, पण फक्त आधी आखणी करून बांधलेल्या आणि नियमित देखभाल केलेल्या किनाऱ्याला. नॅग्ज हेडला २०१९ च्या भरावात असा पैसा मिळाला, कारण वादळाआधीची मापं त्यांच्याकडे होती. तुमच्या भावाला सांगा, देवळाची पायरी किंवा विहिरीचा काठ, जे हलणार नाही ते धरा. दर पौर्णिमेला ओहोटीच्या वेळी तिथून पाण्यापर्यंत टेप लावा, वहीत तारीख, वेळ आणि अंतर लिहा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. गावातल्या शाळेच्या मुलांना सोबत घ्या. वहीचे रकाने मी आखून पाठवतो.

प्रश्न : विदर्भाचा अनुशेष तसाच असताना समुद्रात वाळू ओतायला आमच्या कराचा पैसा का जावा? आणि ओतायचीच असेल तर कन्हानच्या घाटांवरची रेती लिलावात देण्याऐवजी रेल्वेनं तिकडे का पाठवत नाही? – एक वाचक, महाल

उत्तर : तुमची चीड मला समजते. मी गोसेखुर्दवर काम केलं आहे. त्या धरणाची पायाभरणी १९८८ ची, आणि त्याच्या कालव्यांची वाट बघत म्हातारी झालेली माणसं मी ओळखतो. म्हणूनच वरच्या उत्तरात वाट्यांवर इतका भर दिला. पर्यटकाच्या खोलीवर, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवर आधी वाटा बसवा, मग राज्याकडे या, ही मागणी आपण नागपुरातून करणं रास्त आहे. पण राज्यानं काहीच देऊ नये, हे मला पटत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा मदत आणि दुरुस्तीचा पैसा राज्याच्या तिजोरीतूनच मागितला गेला. त्या तिजोरीत देवगड-वेंगुर्ल्याच्या लोकांचा करही आहे.

कन्हानच्या रेतीचं उत्तर साफ नाही असं आहे. रेल्वेचं भाडं बाजूला ठेवा, इथल्या बांधकामांनाच ती पुरत नाही, आणि उपशानं नदीचं पात्र आधीच खोल गेलं आहे. शिवाय ती रेती कोकणची नाहीच. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्या कन्हानची रेती बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्याची. गोदावरीच्या खोऱ्यातल्या धरणांनी तिचा मोठा भाग अडवला आहे, आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश आता जागोजागी खचतो आहे. काकीनाड्याजवळचं उप्पाडा गाव वर्षानुवर्षं समुद्रात चाललं आहे. गोसेखुर्दच्या जलाशयात बसणारा गाळ मी मोजायचो, तेव्हा तो मला फक्त साठवणीची घट वाटायचा. आठशे किलोमीटर खाली कोणाची तरी पुळण तेवढी कमी होते आहे, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं.

प्रश्न : मी नागपुरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. किनारा अभियांत्रिकी शिकायची असेल तर कुठे जावं? – एक विद्यार्थी

उत्तर : आयआयटी मद्रासला महासागर अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याजवळ खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करतंय. तिथे बंदरांची आणि लाटांची प्रतिरूपं हौदात चालताना बघायला मिळतात, महाविद्यालयामार्फत सहलीची परवानगी मागा. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातल्या देशाच्या किनाऱ्यातल्या बदलांचा अभ्यास केला आहे. त्यात सुमारे ३४ टक्के किनारा धुपतो आहे असं दिसलं. त्याचे महाराष्ट्राचे नकाशे आधी बघा. आणि जून-जुलैत आठ दिवस मोकळे असतील तर मला लिहा. वरच्या ताईंच्या भावाला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागणार आहे.