वजन कमी करायच्या स्लीव्ह सर्जरीला दोन महिने झाले. पोळी अडकते, नेहमीचा चहा अति गोड लागतो. असं होतं का?

होतं, आणि बऱ्याच जणांना होतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते केळ्याएवढी नळी. पोळी, पाव, मोकळा नसलेला भात यांचा चावून चिकट गोळा होतो आणि तो त्या नळीत तुंबतो. मग छातीत दाटतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. अशा वेळी वरून पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका, उलटीच होईल. थांबा, उभे राहा, जरा चाला.

पोळीऐवजी भाकरी पातळ वरणात कुस्करून दोन-तीन चमचे खाऊन बघा. आधी पनीर, अंडं किंवा मऊ मासा, मग बाकीचं. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं लागतात. पाणी जेवणानंतर ३० मिनिटांनी.

चहात साखर निम्मी करा, जीभ लवकर सरावते. श्रीखंड, जिलेबी मात्र जपून. साखर झपाट्याने आतड्यात उतरली की १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. गॅस्ट्रिक बायपासवाल्यांना (यात जठर लहान करून थेट आतड्याला जोडतात) जास्त, पण स्लीव्हलाही होतं. दूध सोसत नसेल तर दही-ताक घ्या.

ठाण्यातली तर्रीदार मिसळ? सध्या नकोच. पुढे मटकी आधी, तर्री चमचाभर, पाव अजिबात नाही.

पाणीही टिकत नसेल किंवा उलट्या दोन-तीन दिवस चालल्या, तर सर्जनकडे जा: नळी अरुंद झालेली असू शकते, शिवाय बी१ जीवनसत्त्व घटून मज्जातंतूंना इजा होऊ शकते.