सपाट मोराला घनरूप देताना

प्रश्न : इंकस्केप या रेखाचित्रांच्या संगणक-प्रणालीत काढलेले मोराचे चित्र मी एस्व्हीजी (चित्र रेषा-आकारांच्या रूपात साठवणारी) फाइल म्हणून ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रणालीत आणले. आधी ते सापडेचना. सापडले तेव्हा काळ्या बाह्यरेषा रेंडरमध्ये, म्हणजे तयार होणाऱ्या अंतिम चित्रात, उमटेनात. एक्स्ट्रूड करून, म्हणजे सपाट आकार सरळ पुढे ओढून, जाडी दिली, तर मोर लाकडी फळीतून कापल्यासारखा दिसतो आणि मान वळवली की पृष्ठभाग चुरगळतो. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या दोन अडचणी किरकोळ आहेत. ब्लेंडर चित्राचे मूळ माप पाळतो, त्यामुळे ए-४ कागदाएवढे चित्र तेथे जेमतेम २१ सेंटीमीटर रुंद होते आणि सुरुवातीलाच समोर असणाऱ्या २ मीटरच्या घनात दडून बसते. घन काढून टाकावा आणि चित्र मोठे करावे. बाह्यरेषेची जाडी आयात होत नाही. म्हणून इंकस्केपमध्येच ‘स्ट्रोक टू पाथ’ ही आज्ञा देऊन रेषेचा भरीव आकार करून घ्यावा.

मान चुरगळण्याचे कारण मात्र नीट समजून घेण्याजोगे आहे. सपाट आकाराचे मेशमध्ये, म्हणजे बिंदू, कडा आणि पृष्ठे यांच्या जाळीत, रूपांतर होते तेव्हा सगळे बिंदू कडेवर असतात आणि मधला भाग या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेल्या लांबट त्रिकोणांनी भरला जातो. आत बिंदूच नसल्यामुळे वाकायला जागा उरत नाही. शिवाय मोराच्या छातीचा फुगीरपणा किंवा मानेची गोलाई आपल्या चित्रात मुळातच नोंदलेली नाही, त्यामुळे कितीही जाडी वाढवली तरी ती मिळणार नाही. अक्षरे आणि बोधचिन्हे यांसाठी एक्स्ट्रूड उत्तम आहे. वाकणाऱ्या, वळणाऱ्या शरीरासाठी ती वाट आग्रहाने टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोराचे समोरून आणि बाजूने दिसणारे रूप एकाच उंचीत काढावे, ही दोन्ही चित्रे संदर्भ म्हणून मागे लावावीत आणि शरीर चौकोनी पृष्ठांनी नव्याने घडवावे. एका बाजूचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारा मिरर मॉडिफायर वापरल्यास अर्धेच शरीर घडवावे लागते. मानेभोवती कडांची वलये जवळजवळ ठेवावीत, कारण तेथेच सर्वांत जास्त वाकणे होणार आहे.

आपले मूळ चित्र वाया जात नाही. तुरा आणि पिसाऱ्यातील पिसे खरोखरच चपटी असतात. ती एस्व्हीजीमधूनच घ्यावीत, थोडीशी जाडी द्यावी आणि बेव्हेलने कडा मऊ कराव्यात. बेव्हेलमुळे आकार बाहेरच्या बाजूला किंचित फुगतो, तो ऑफसेट या कड आत-बाहेर सरकवणाऱ्या मापाला ऋण मूल्य देऊन आवरता येतो. पिसावरील डोळ्याचे रंगीत थर एकाच पातळीवर ठेवले तर रंग लुकलुकतात, म्हणून प्रत्येक थर केसभर पुढे सरकवावा. प्रत्येक पिसाचा ओरिजिन (ज्याभोवती ते फिरते तो बिंदू) त्याच्या देठाशी आणून ठेवला, तर पिसारा उलगडण्यासाठी पिसे केवळ फिरवावी लागतात.