दोन कट नकोत

जय भीम,

तुझ्या फिल्मच्या दोन्ही कटांच्या, म्हणजे एकाच फिल्मच्या दोन आवृत्त्यांच्या, लिंक पाहिल्या. एकीला नाव दिलंयस 'फेस्टिव्हल', दुसरीला 'वस्ती'. पहिलीत तू तुझं प्रेम असलेल्या त्या मुलाबरोबर लोकलच्या दारात उभा आहेस, पण तू कुठल्या घरातून आलास याचा पत्ता नाही. आजी बोलते त्या शॉटमध्ये मागची बाबासाहेबांची तसबीर फ्रेमबाहेर जावी म्हणून तू चित्र इतकं ताणलंयस की आजीचा चेहराच फाटलाय. दुसरीत तसबीर आहे, जयंतीची मिरवणूक आहे आणि तो मुलगा 'रूम पार्टनर' झालाय. वर विचारतोस, ताई, कुठला कट पाठवू?

कुठलाच नाही. फिल्म एकच कर.

अर्जात तू मार्लन रिग्ज या काळ्या, समलिंगी अमेरिकी फिल्मकाराचं नाव प्रेरणास्थान म्हणून टाकलंयस. मग त्याच्यावरच बोलू. 1957 चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. घरची नोकरी लष्कराची, त्यामुळे बिऱ्हाड पाठीवर. जॉर्जियातल्या शाळेत गोरी पोरं त्याला कातडीवरून शिव्या द्यायची आणि काळी पोरं गोऱ्यांचा चमचा म्हणायची. बायल्या म्हणायला दोन्हीकडचे तयार. त्याच्या 'टंग्ज अनटाइड' या फिल्ममध्ये या शिव्या देणारी फक्त तोंडं दिसतात. पडदाभर ओठ आणि दात, एकामागून एक. कुणाचाही पूर्ण चेहरा नाही. एडिटिंग शिकायचं तर तो तुकडा म्यूट करून पाहा, मग डोळे मिटून ऐक. त्यात दोन्हीकडच्या शिव्या एकाच दमात येतात. त्यानं त्यांच्या दोन फिल्म केल्या नाहीत.

पुढे हार्वर्डला इतिहास शिकला. अमेरिकी साहित्यात समलिंगी पुरुष कसा रंगवलाय, हे कुठल्याच वर्गात शिकवत नव्हते. पठ्ठ्यानं विभागाकडे अर्ज करून तो विषय स्वतंत्र अभ्यासासाठी मागून घेतला. मग बर्कलेला पत्रकारितेचं शिक्षण. जवळच सॅन फ्रान्सिस्को शहरातला कॅस्ट्रो हा भाग, जिथं समलिंगी माणूस हात धरून उजळ माथ्यानं चालतो. तिथं त्याला काय दिसलं? दुकानात, मासिकात, बारमध्ये सगळे गोरे. आपण तिथं कुणाच्या नजरेतच नाही, असं तो फिल्ममध्ये सांगतो. तुझा 'फेस्टिव्हल' कट म्हणजे हेच कॅस्ट्रो आहे रे! तिथं तू प्रवेशाची फी म्हणून आजीच्या भिंतीवरची तसबीर भरतोयस.

रिग्ज आधी पडद्यामागेच होता. 'एथ्निक नोशन्स' (1986) बघ. खेळणी, जाहिराती, कार्टून, यांतून काळ्या माणसाचं विद्रूप चित्र दीडशे वर्षं कसं विकलं गेलं, ते तज्ज्ञांच्या मुलाखती आणि निवेदन घेऊन शिस्तीत मांडलंय. टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. त्याच वाटेनं गेला असता तर कुणाची हरकत नव्हती. 1988 च्या अखेरीस जर्मनीत त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायला आली आणि एचआयव्ही असल्याचं कळलं. पुढच्या वर्षी आली 'टंग्ज अनटाइड', आणि तीत तो स्वतः उघड्या अंगानं कॅमेऱ्यासमोर आला. कविता, नाच, चुटक्या वाजवण्याची नक्कल, मेलेल्या मित्रांचे फोटो, सगळं पंचावन्न मिनिटांत.

तू लिहितोस की त्याच्यावर दुटप्पीपणाचा आरोप झाला होता, आणि तुझ्यावरही तसाच होण्याची तुला भीती वाटते. झाला होता, खरं आहे. काळ्या पुरुषानं काळ्या पुरुषावर प्रेम करणं हीच क्रांती, असं सांगून फिल्म संपते, आणि त्याचा स्वतःचा जोडीदार गोरा. पण शाळेतला तो करड्या-हिरव्या डोळ्यांचा गोरा मुलगा त्यानं फिल्ममधून काढला का? नाही. त्याला वरदानही म्हटलं आणि शापही. विसंगती कापून टाकली असती तर फिल्म सोवळी झाली असती. सोवळं आपल्याला कधीपासून प्रिय झालं?

फिल्म एकच कर, हे मी पुन्हा सांगतेय, कारण दोन केल्यानं कुणी तुला सोडणार नाही. 1991 मध्ये 'टंग्ज अनटाइड' पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीवर दाखवायची ठरली तेव्हा बऱ्याच स्टेशनांनी नकार दिला. तिला सरकारी कलानिधीतून पोचलेली रक्कम होती पाच हजार डॉलर. गदारोळ असा की जणू तिजोरी लुटली. 1992 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांनी आपल्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्याविरुद्धच्या उमेदवारीच्या प्रचारात, जॉर्जियाच्या प्राथमिक निवडणुकीच्या तोंडावर, तिचे तुकडे जाहिरातीत वापरले. कुठले? चामड्याचे कपडे घालून नाचणारे गोरे पुरुष! काळ्या माणसांवरच्या फिल्ममधून काळी माणसंच वगळली. कापायचं काम विरोधक फुकटात करतात, बाबा. आपण कशाला हात दुखवायचे?

आता माझं. सफाई कामगार बायकांवरची माझी फिल्म तू पाहिलीयस. पैसे देणाऱ्यांना त्यात जात नको होती, 'श्रमिक स्त्रिया' एवढंच पुरे म्हणाले. आपल्याच मंडळातल्या लोकांना नवऱ्याच्या माराची गोष्ट नको होती, समाजाची बदनामी होते म्हणे. मी दोन्ही ठेवलं. पैसे परत मागितले गेले, आणि कितीतरी वर्षं मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून ते फेडले. फिल्ममधल्या काही बायका ती पडद्यावर बघायच्या आधीच गेल्या. त्याची चुटपुट आहे, रोज आहे. तरी मी आडमुठी आहे असं जे म्हणतात त्यांनी सांगावं, कुठला भाग काढून दाखवली असती तर त्या बायकांना ती आपली वाटली असती? कुणी सांगत नाही. जाऊ दे.

हां, धोका असेल तर गोष्ट वेगळी. त्या मुलाच्या घरी कळलं तर मारतील, असं असेल तर त्याचा चेहरा दाखवू नकोस, आवाज बदल, आधी त्याला विचार. ते रक्षण झालं. रूम पार्टनर म्हणणं हे खोटं झालं. एवढा फरक तुला कळतो, म्हणून तर चिडतेय.

रिग्ज शेवटच्या फिल्मसाठी इस्पितळातल्या खाटेवरूनही बोलत राहिला. काळं असण्याच्या नाना तऱ्हा सांगायला त्यानं आजीचं गंबो घेतलं. लुइझियानाचं कालवण, सगळं एका भांड्यात शिजतं. 5 एप्रिल 1994 ला तो गेला, सदतीस वर्षांचा. फिल्म सहकाऱ्यांनी पुरी केली.

मुंबईच्या पोरांनी 1972 मध्ये दलित पँथरसाठी पँथर हे नाव तिकडूनच, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, उचललं होतं. नाव उचलायला धीर लागत नाही असं तुला वाटत असेल, तर त्या वेळच्या कुणाशी तरी बोल.

आता काम. आजीचा मूळ शॉट परत लाव, न ताणता. लोकलचा शॉट तिच्या बोलण्यानंतर लगेच ठेवून बघ, मध्ये संगीत नको. ती 'त्याला जेवायला आण' म्हणते ते तू दोन्ही कटांत उडवलंयस, का ते मला कळलेलंच नाही. तिला विचारून ते आत घे. फेस्टिव्हलची तारीख हुकली तर हुकू दे. रविवारपर्यंत लिंक पाठव. आणि त्या वाक्याच्या वेळी पंख्याचा आवाज फार आहे, तो कमी कर.

तुझी
ताई