नागपूरच्या उन्हाळ्यात नवा चेलो

चेलो, म्हणजे बसून वाजवायचं व्हायोलिनसारखं मोठं वाद्य, घेतलास, आता एप्रिल-मेची तयारी कर. पारा ४५ अंशांकडे सरकला की हवा कोरडीठाक होते, लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडतात. सकाळी चेलोची पेटी (केस) उघडावी तर चारही तारा लोंबकळलेल्या! लगेच ताणायला घेऊ नकोस. आधी उजव्या एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या f आकाराच्या छिद्रातून, टॉर्चने बघ, आतली उभी काडी, म्हणजे साउंडपोस्ट, जागेवर आहे का. ती पडली असताना तारा ताणल्यास वरची फळी दबून तडकू शकते. मग थेट कारागीर गाठायचा.

काडी उभी असेल तर एकेक तार घे, सगळ्या थोड्या-थोड्या चढव. खुंटी फिरवताना आत दाबत राहायचं, नुसती फिरवली की परत घसरते. ए तार २२० हर्ट्झला, खाली क्रमाने डी, जी, सी. तार ताणली की घोडीचा (तारा पेलणाऱ्या उभ्या पट्टीचा) माथा फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीकडे, ओढला जातो. तो दोन्ही हातांनी अलगद मागे घे; टेलपीसकडची (तारांचं खालचं टोक अडकवतात त्या तुकड्याकडची) बाजू फळीशी काटकोनात हवी. इथेच बहुतेकांची घोडी आडवी होते.

कूलरच्या झोतात चेलो नको. दिवसा ओल, वीज गेली की कोरड, यात सांधे उकलतात. खोलीत हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेव, ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरे. उन्हातल्या गाडीत तर पाच मिनिटंही नाही: बोला लावायची राळ वितळते, वार्निशवर पेटीच्या अस्तराचा ठसा उमटतो.

बोचे, म्हणजे गजाचे, केस रोज वाजवून झाल्यावर सैल कर. कोरड्या हवेत ते आखडतात, काठी वाकते. पावसाळ्यात उलट, खुंट्या फुगून अडकतात.