रहस्यपट, भूतपट आणि स्वप्नासारख्या विचित्र सिनेमांतला खोल अर्थ कसा शोधायचा?

तुमची तक्रार अशी की असे सिनेमे पाहून लोकांना त्यात अपराधभाव, एकटेपण, समाज असं बरंच काही दिसतं आणि तुम्हाला फक्त गोष्ट दिसते. मी म्हणेन, गोष्टच आणखी बारकाईने बघा. प्रतीकं शोधत बसू नका. लाल रंग म्हणजे राग आणि आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, असं कोष्टक मांडलं की सगळे सिनेमे एकसारखेच वाटू लागतात.

भुताच्या सिनेमात मी एकच प्रश्न धरून बसतो: या भुताचं काय राहून गेलंय, आणि कोणामुळे? जपानी दिग्दर्शक केंजी मिझोगुचीचा 'उगेत्सु' (१९५३) घ्या. (शेवट सांगतोय, इतक्या जुन्या सिनेमाला एवढी सूट असावी.) युद्धाच्या धामधुमीत भांडी विकून श्रीमंत व्हायच्या नादात एक कुंभार बायको-मुलाला मागे ठेवून जातो आणि एका खानदानी बाईच्या मोहात अडकतो. ती भूत निघते. इथवर नेहमीचंच. पण नंतर तो रात्री घरी येतो. घर ओस, चूल थंड. हाका मारत तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, कॅमेरा आतूनच त्याच्याबरोबर वळत राहतो, आणि तो परत आत शिरतो तेव्हा त्याच चुलीत जाळ असतो, शेजारी बायको बसलेली. मध्ये कट नाही. ती मेलीय हे त्याला सकाळी कळतं. आता ही दोन भुतं शेजारी ठेवून बघा. पहिलीने त्याच्या भांड्यांची तोंडभरून स्तुती केली. दुसरी कसलाच जाब विचारत नाही, नुसतं जेवायला वाढते. हाव आणि तिची किंमत हा विषय त्या फरकातच आहे. कोणाला तो भाषणात सांगावा लागत नाही.

रहस्यपटात 'खुनी कोण' हे दिग्दर्शक सांगतोच, किंवा मुद्दाम सांगत नाही. आपण बघायचं ते हे की खोटं बोलणाऱ्याला ते खोटं कशासाठी हवंय. कुरोसावाच्या 'राशोमोन'मध्ये (१९५०) एका सामुराईच्या मृत्यूबद्दल दरोडेखोर, सामुराईची बायको आणि मांत्रिक बाईच्या तोंडून बोलणारा तो मेलेला सामुराई अशा तिघांच्या हकिकती जुळत नाहीत, हे सगळेच सांगतात. गंमत पुढे आहे. शिक्षेतून सुटायला कोणीच खोटं बोलत नाही; जो तो मरणाचा भार या ना त्या प्रकारे स्वतःवरच ओढवून घेतो. म्हणजे धडपड चाललीय ती आपण स्वतःला कसे दिसतो, ते सांभाळायची. हे एकदा लक्षात आलं की ती घटना पाहिलेल्या लाकूडतोड्याने तिथल्या खंजिराबद्दल बाळगलेलं मौनही वेगळं ऐकू येतं.

स्वप्नासारख्या सिनेमांशी मात्र कोडं सोडवल्यासारखं झगडू नये. दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दाली यांनी 'अँ शियाँ आंदालू' (१९२९) लिहिताना नियमच केला होता की तर्काने उलगडेल अशी एकही प्रतिमा घ्यायची नाही. अशा ठिकाणी 'याचा अर्थ काय' विचारून डोकेदुखीच व्हायची. त्याऐवजी बघा, कोणाला काय जमत नाहीये. बुन्युएलच्याच 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल'मध्ये (१९६२) मेजवानीला आलेली बडी मंडळी दिवाणखान्याबाहेर पडूच शकत नाहीत. दाराला कुलूप नाही, कोणी अडवतही नाही. बटलर सोडला तर बहुतेक नोकर मात्र आधीच काहीबाही सबबी सांगून सटकलेले. कारण शेवटपर्यंत मिळत नाही, पण कोण अडकलं आणि कोण सुटलं एवढं पाहिलं तरी पुरे.

शेवटाचा उलगडा करणारे व्हिडिओ लगेच बघू नका, आधी स्वतःला काय खटकलं ते आठवा. आणि फक्त ट्विस्टवर उभा असलेला सिनेमा दुसऱ्या वेळी कोसळतो. त्यात अर्थ सापडला नाही तर दोष तुमचा नाही. सुरुवात 'द अदर्स'पासून (२००१) करा, शेवट माहीत असला तरी बिघडत नाही. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा त्यातल्या, दोन मुलांसह एकाकी घरात राहणाऱ्या आईचा दंडक असतो. पहिल्यांदा वाटतं, मुलांना उजेडाचा त्रास होतो म्हणून. दुसऱ्यांदा बघताना ती नेमकं काय घराबाहेर ठेवू पाहतेय, तेवढंच बघत राहा.