वहीत नसलेला रकाना

लग्न अडीच महिन्यांवर आलेले एक जोडपे व्हिडिओग्राफर निवडण्यावरून झालेल्या वादामुळे माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिने वहीत सतरा जणांची नावे लिहिली होती आणि प्रत्येक नावापुढे दर, कॅमेऱ्यांची संख्या, ड्रोन आहे की नाही, असे रकाने नीट आखले होते. तो म्हणाला, "मॅडम, गेले तीन आठवडे आमचे दुसऱ्या कशाविषयी बोलणेच झालेले नाही." त्यावर तिचे डोळे भरून आले. "निवड चुकली तर तो दिवस परत येणार आहे का?" एवढेच ती म्हणाली.

लग्नाआधी समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात ही धास्ती अनेकदा डोकावते आणि ती क्षुल्लक आहे, असे मला कधीच वाटलेले नाही, कारण जे चित्रीकरण त्या दिवशी होत नाही, ते नंतर कितीही पैसे मोजले तरी होत नाही. तथापि, इतकी नावे जमवूनही धीर येत नसेल, तर आपल्याला नेमके काय हवे आहे, हा प्रश्नच बहुधा मागे राहिलेला असतो. म्हणून मी तिला विचारले, "त्या चित्रीकरणात काय नसले, तर तुम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटेल?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने घरातल्या एका जुन्या कॅसेटविषयी सांगितले. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. त्या कॅसेटमध्ये आई कोणाशी तरी हसत बोलताना दिसते. परंतु संकलन करणाऱ्याने त्या संपूर्ण भागावर गाणे चढवले आहे. "आईचे ओठ हलताना दिसतात. ती काय बोलते आहे, ते ओळखण्याचा मी कितीतरी वेळा प्रयत्न केला आहे," ती म्हणाली. त्याने हे प्रथमच ऐकले होते. त्याने वही पुढे ओढली आणि सगळी पाने उलटून पाहिली. त्या सतरा नावांपुढे आवाजाचा रकाना कुठेच नव्हता.

त्याचेही काही म्हणणे होते, पण वादाच्या भरात ते दबून गेले होते. "पुन्हा एकदा चालत या, पुन्हा हसा" असे सांगत दिवसभर कोणी मागे लागले, तर आपण आपल्याच लग्नात अवघडून जाऊ, ही त्याची भीती होती.

दोघांनी आपापल्या मनातले तीन क्षण वेगवेगळे लिहावेत, नावे तीनवर आणावीत आणि त्या तिघांकडून एकेका लग्नाची पूर्ण फिल्म मागून घ्यावी, असे मी सुचवले. तीन-चार मिनिटांची झलक ही संपूर्ण दिवसातून वेचलेल्या उत्तमोत्तम दृश्यांची असते आणि तिच्यावर सहसा संगीत असते. त्यामुळे मंद प्रकाशात कॅमेरा कसा चालला किंवा भाषण ऐकू येते की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. फिल्म सुरू करून काही मिनिटे डोळे मिटून ऐका, असेही मी सांगितले. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात, म्हणजे फुल एचडीच्या चौपट, हे तिला पाठ होते. परंतु बोलणाऱ्यापासून माइक किती दूर असेल, हे तिने कोणालाच विचारले नव्हते. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक दालनातला सगळा गलबला टिपतो, म्हणून बोलणाऱ्याच्या कॉलरला वेगळा माइक लागतो.

दुसरी गोष्ट चित्रीकरण सांभाळून ठेवण्याची. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने चित्रीकरण केले, तर एका कॅमेऱ्याचे तासाला सुमारे ४५ जीबी होतात. म्हणूनच कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करतो का, प्रती किती ठिकाणी ठेवल्या जातात आणि कार्डे केव्हा पुसली जातात, हे न संकोचता विचारावे. प्रत्यक्ष कोण येणार, तो आजारी पडल्यास कोण, असंपादित चित्रीकरण मिळणार का आणि फिल्म कोणत्या तारखेला हाती पडणार, हे सर्व करारात लिहून घ्यावे. ड्रोनविषयी मी काहीच बोलले नाही. त्या दोघांच्या सहा क्षणांपैकी एकही आकाशातून दिसणारा नव्हता.

पुढच्या भेटीत त्यांनी निवड झाल्याचे सांगितले. तिघांपैकी दोन व्हिडिओग्राफरांनी आपापली पॅकेजे समजावून सांगितली होती. तिसऱ्याने मात्र त्यांची यादी वाचून तिला विचारले, "वडील बोलताना कागद छातीशी धरतात का? तसे असेल तर कॉलरच्या माइकवर त्याची सळसळ येईल. मी दुसरा माइक समोर ठेवतो." मग त्याने नवऱ्या मुलाला विचारले, "कॅमेरा कुठे नको?" त्याच्याकडे इतरांपेक्षा एक कॅमेरा कमी होता, तरीही दोघांचे एकमत झाले.

लग्नानंतर काही महिन्यांनी तिचा फोन आला. वडिलांचे अकरा मिनिटांचे भाषण फिल्ममध्ये कुठेही न कापता घेतले होते. बोलता बोलता ते दोनदा थांबले होते आणि ते थांबणेही, कोणतेही संगीत न चढवता, तसेच ठेवले होते.