बाळाचं अँटिबायोटिक सिरप: पाणी किती, माप कोणतं, किती दिवस?

लहान मुलांच्या अँटिबायोटिक सिरपबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. बालरोगतज्ज्ञ आणि औषधनिर्माते यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

दोन वर्षांच्या मुलीच्या कानात जंतुसंसर्ग झालाय. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं ड्राय सिरप मिळालं. खुणेपर्यंत पाणी घालून हलवलं, तर पातळी खुणेच्या खाली गेली. पुन्हा पाणी घालायचं का? शिवाय आमच्याकडे रोज तीन-चार तास वीज नसते. – एक आई, जत

हो, पुन्हा घालायचं. कोरडी पावडर भिजली आणि फेस बसला की पातळी उतरते. म्हणून पाणी दोन हप्त्यांत घालतात. आधी झाकण बंद ठेवून बाटली तळहातावर आपटा, म्हणजे तळाशी चिकटलेली पावडर मोकळी होईल. मग खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून जोरात हलवा. पाच मिनिटं थांबा, फेस खाली बसू द्या. त्यानंतर बाटली सपाट जागी ठेवून, डोळे खुणेच्या रेषेत आणून, बरोबर खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा. खोक्यात पाण्याची कुपी असेल तर तेच पाणी वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. कोमटसुद्धा नको, उष्णतेने औषध खराब होतं.

खुणेच्या वर पाणी गेलं तर प्रत्येक डोस फिका पडतो, कमी पडलं तर प्रत्येक डोस जड होतो. जास्त झालेलं पाणी ओतून टाकण्याचा प्रयत्न करू नका, त्याबरोबर औषधही जातं. अशा वेळी नवी बाटली घ्या. उघडतानाच पावडरीचे गोळे झालेले दिसले किंवा ती तपकिरी दिसली, तर आत ओल शिरली आहे. ती बाटली परत करा.

या दोन औषधांतलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड फार नाजूक असतं. पाणी घातल्यावर बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि साधारण सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यावं लागतं. तुमच्या बाटलीच्या लेबलवर जे दिवस छापलेत ते पाळा. बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे तापमान सारखं बदलतं. फ्रीजरमध्ये तर नकोच. वीज गेल्यावर फ्रीज उघडला नाही तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो, त्यामुळे डोसची वेळ वीज असताना येईल अशी बसवा. फ्रीजच नसेल तर हे डॉक्टरांना चिठ्ठी लिहितानाच सांगा. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात आणि अनेकदा त्या चालतात.

चिठ्ठीत ‘५ मिली दोन वेळा’ लिहिलंय. मेडिकलमध्ये त्याच नावाची दुसरी बाटली दिली आणि ‘एकच आहे’ म्हणाले. चमचाही नाही, घरचा चालेल? – एक बाबा, परभणी

नाव एकच असलं तरी औषध तेवढंच असेल असं नाही. अमॉक्सिसिलिन सिरप बहुतेकदा दोन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. डोस वजनावर ठरतो. डॉक्टरांनी १२ किलोच्या मुलासाठी २५० चं सिरप ५ मिली लिहिलं आणि दुकानातून १२५ चं आलं, तर पाच मिलीत निम्मंच औषध पोटात जाईल, संसर्ग हटणार नाही. उलटं झालं तर दुप्पट. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स याहून दाट असतात. १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स १२५ च्या सिरपच्या चौपट जड पडतात. म्हणून ड्रॉप्सच्या जागी सिरप किंवा सिरपच्या जागी ड्रॉप्स कधीच देऊ नका. चिठ्ठीवरची आणि लेबलवरची ताकद दुकानातच जुळवून बघा. जुळत नसेल तर डोस स्वतः बदलू नका, डॉक्टरांना फोन करा.

घरचा चमचा नको. कुणाच्या चमच्यात तीन मिली मावतं, कुणाच्या सात. ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज सगळ्यात बरी. सिरिंजच्या टोकावर छोटं टोपण असेल तर ते आधी काढून दूर ठेवा, घशात अडकू शकतं. आणि प्रत्येक डोसआधी बाटली हलवा. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पाण्यासारखे आणि शेवटचे जड होतात.

दीड वर्षाचा मुलगा औषध थुंकतो, कधी उलटी करतो. दुधाच्या बाटलीत मिसळून दिलं तर? – एक आजी, चिपळूण

आजी, पूर्ण दुधात मिसळू नका. अर्धं दूध उरलं तर किती औषध गेलं ते कळत नाही, आणि चव बिघडल्यामुळे तो दूधही सोडेल. त्याला मांडीवर ताठ बसवा. सिरिंज जिभेवर नको, गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा, प्रत्येक वेळी गिळू द्या. नाक दाबून किंवा आडवं करून ओतलं तर ठसका लागून औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. नंतर पाणी पाजा.

डोस दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा द्या. त्यानंतर झाली तर देऊ नका, पुढचा डोस वेळेवर द्या. प्रत्येक डोसला उलटी होत असेल तर औषध बदलावं लागेल. डोस विसरला तर आठवताच द्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडा. दोन एकदम कधीच नाहीत.

तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि बाटलीही संपली. म्हणजे कोर्स झाला ना? – एक वाचक, फोंडा

नाही. ही चूक सर्रास होते आणि तिचं मूळ बाटलीच्या आकारात आहे. अनेक ड्राय सिरप ३० मिलीची असतात. ५ मिली दोनदा म्हणजे दिवसाला १० मिली, तीन दिवसांत बाटली रिकामी. पाच दिवसांच्या कोर्सला ५० मिली, म्हणजे दोन बाटल्या लागतात. खरेदी करतानाच हा हिशेब करा, पण दुसरीत पाणी पहिली संपल्यावरच घाला.

किती दिवस द्यायचं हे आजारावर ठरतं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे झालेल्या घशाच्या संसर्गात अमॉक्सिसिलिन दहा दिवस देतात, कारण अर्धवट उपचारानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. काही आजारांत पाच दिवस पुरतात. त्यामुळे चिठ्ठीतला दिवसांचा आकडा पाळा, आणि आकडा नसेल तर विचारून लिहून घ्या. औषध सुरू करून ४८ ते ७२ तासांत ताप हटला नाही, किंवा मूल आधीच मलूल व्हायला लागलं, तर कोर्स संपायची वाट न बघता परत दाखवा.

सिरपने मुलीला पातळ शी होते, अंगावर पुरळही दिसलं. उरलेलं धाकट्याला दिलं तर? – एक आई, अहिल्यानगर

पातळ शी होणं, विशेषतः क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या सिरपने, नेहमीचं आहे. जेवणाच्या सुरुवातीला औषध दिलं तर त्रास कमी होतो. ओआरएस आणि नेहमीचं खाणं चालू ठेवा. शीमध्ये रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा डोळे खोल गेले तर लगेच दवाखाना गाठा.

पुरळाचे दोन प्रकार वेगळे ओळखा. खाज सुटणाऱ्या, फुगलेल्या, जागा बदलणाऱ्या गांधी ॲलर्जीच्या असू शकतात: पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी दाखवा. ओठ-डोळे सुजले, घरघर लागली, मूल गळून गेलं तर १०८ ला फोन करा, क्षणही दवडू नका. अमॉक्सिसिलिनवर काही दिवसांनी येणारं बारीक, सपाट, न खाजणारं पुरळ अनेकदा ॲलर्जी नसतं. तरी फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शिक्का उगाच आयुष्यभर बसणार नाही.

धाकट्याला देऊ नका. त्याचं वजन वेगळं, आजार वेगळा, आणि सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूचा असतो, त्यावर हे औषध चालतच नाही. उरलेलं सिरप मोरीत ओतू नका. वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. लेबल फाडून टाका, म्हणजे रिकामी बाटली पुन्हा कुणी वापरणार नाही.